तेजस्वी दिसतो म्हणजे जवळ असतो का? तारे, दीर्घिका आणि अंतरांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीमागे रांग लागली की प्रश्न फिरून फिरून तेच येतात. "हे किती लांब आहे?" हा पहिला. आकडा सांगितला की चाणाक्ष माणूस लगेच विचारतो, "पण हे मोजलं कुणी आणि कसं?" मला हा दुसरा प्रश्न जास्त आवडतो. खालची बरीचशी उत्तरं त्याच्याभोवतीच आहेत.

सगळ्यांत तेजस्वी दिसणारा तारा सगळ्यांत जवळचा असतो का?

नाही. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध. तो ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, म्हणजे खरोखरच शेजारी. पण तेजस्वितेत त्याच्यानंतर लागतो अगस्त्य, आणि तो तब्बल ३१० प्रकाशवर्षांच्या आसपास आहे. उलट सूर्य सोडला तर आपला सर्वांत जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी, साध्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याच्यासाठी दुर्बीण काढावी लागते.

व्याध जवळ आहे म्हणून झगझगीत दिसतो. अगस्त्य मुळातच सूर्याच्या दहा हजार पटींहून जास्त प्रकाश टाकतो म्हणून एवढ्या लांबून उठून दिसतो. तो व्याधाच्या जागी आणून ठेवला तर शुक्रही त्याच्यापुढे फिका पडेल. नुसतं पाहून या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, आणि अंतरमापनाची सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

ताऱ्याची 'प्रत' म्हणजे काय? आणि ती उलटी का मोजतात?

प्रत म्हणजे तारा किती तेजस्वी दिसतो याचा आकडा. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. परीक्षेतला पहिला वर्ग दुसऱ्या वर्गापेक्षा वरचा असतो ना, तसंच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या हिपार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाकडे या पद्धतीचं मूळ जातं, असं मानतात. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे.

पुढे १८५६ साली नॉर्मन पॉगसनने याला गणिती शिस्त लावली: पाच प्रतींचा फरक म्हणजे प्रकाशात बरोबर १०० पटींचा फरक. म्हणजे एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. मोजपट्टी अशी ताणल्यावर काही गोष्टी शून्याच्याही पलीकडे गेल्या. अभिजित जवळजवळ शून्य प्रतीचा, व्याध उणे १.४६, पौर्णिमेचा चंद्र सुमारे उणे १२.७ आणि सूर्य उणे २६.७. चंद्र-सूर्यातला हा १४ प्रतींचा फरक वाचताना किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ सूर्य पूर्णचंद्राच्या चार लाख पट तेजस्वी.

ही उलटी पद्धत मोडीत काढून सरळ एकक आणावं, असं शिकणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी वाटतं. मलाही वाटायचं. सवय झाली की तक्रार विसरायला होते.

मग 'निरपेक्ष प्रत' कशासाठी?

सगळ्या ताऱ्यांना एकाच रेषेवर उभं करण्यासाठी. तारा १० पार्सेकवर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर नेला तर तो ज्या प्रतीचा दिसेल, ती त्याची निरपेक्ष प्रत. आपला सूर्य तिथे ४.८ प्रतीचा दिसेल. दिव्यांनी उजळलेल्या शहरातून तर शोधूनही सापडणार नाही.

खरी गंमत या दोन प्रतींच्या वजाबाकीत आहे. प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो: अंतर दुप्पट तर प्रकाश चतुर्थांश, अंतर दहापट तर प्रकाश शंभरावा हिस्सा. त्यामुळे दिसणारी प्रत निरपेक्ष प्रतीपेक्षा ५ ने जास्त असेल, तर तारा १०० पार्सेकवर. १० ने जास्त असेल तर १,००० पार्सेकवर. दिसणारी प्रत कॅमेरा सांगतो. निरपेक्ष प्रत कुठून तरी कळली, की अंतर हातात आलं. गेल्या शंभरेक वर्षांतले खगोलशास्त्रज्ञ या 'कुठून तरी'च्याच मागे आहेत.

प्रकाशवर्ष हे वेळेचं एकक आहे ना?

नावात वर्ष असलं तरी ते अंतर आहे: प्रकाश एका वर्षात जेवढं कापतो तेवढं, सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. शास्त्रज्ञ आपापसात बहुधा पार्सेक वापरतात. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं.

ताऱ्यापर्यंत कुणी गेलेलं नाही. मग अंतर मोजलं कसं?

हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरा. एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे सरकतो. अंगठा जवळ आणला की जास्त सरकतो, लांब नेला की कमी. याला पराशय म्हणतात. ताऱ्यांसाठी दोन डोळ्यांमधलं अंतर पुरत नाही, म्हणून पृथ्वीची कक्षाच वापरतात. आज एक नोंद, सहा महिन्यांनी सूर्याच्या पलीकडच्या बाजूला गेल्यावर दुसरी. दोन जागांमध्ये ३० कोटी किलोमीटर पडतात.

एवढं करूनही तारा किती सरकतो? प्रॉक्झिमाचा पराशय कोनाच्या एका सेकंदापेक्षाही कमी, ०.७७ सेकंद. आणि एक सेकंद म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग! हे सरकणं दिसत नाही म्हणून पृथ्वी फिरतच नसणार, असा युक्तिवाद टायको ब्राहेसारखा कसलेला निरीक्षक करत होता. त्याचा तर्क चुकीचा नव्हता. तारे इतके लांब असतील यावर मात्र त्याचा विश्वास बसला नाही.

१८३८ साली फ्रीडरिश बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला आणि पहिल्यांदा एका ताऱ्याचं विश्वासार्ह अंतर जाहीर झालं. आकडा आला ०.३१४ सेकंद, आजच्या मोजणीने तो तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. बेसेलने निवडलेला तारा अंधुकच होता, पाचव्या प्रतीच्या आसपासचा. तरी तो त्याने का घेतला? कारण तो वर्षानुवर्षं आकाशात इतरांपेक्षा भराभर सरकत होता. जवळची गाडी खिडकीतून झरकन जाते, लांबचा डोंगर जागचा हलत नाही. तेजस्वितेला भुलायचं नाही, हे बेसेलला तेव्हाच उमगलं होतं.

नंतर हे काम अंतराळात गेलं. हिपार्कोस उपग्रहाने १९८९ ते १९९३ या काळात लाखाहून अधिक ताऱ्यांची मोजणी केली. २०१३ च्या डिसेंबरात निघालेल्या गाया यानाने तर शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांचे पराशय दिले, आणि त्यातल्या चांगल्या नोंदींची अचूकता म्हणजे हजार किलोमीटरवर धरलेल्या केसाची जाडी ओळखण्यासारखी.

पण त्यासाठी आधी पृथ्वी-सूर्य अंतर माहीत हवं ना?

हवंच. हा प्रश्न विचारणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण. ते अंतर चुकलं तर वरची सगळी अंतरं त्याच प्रमाणात चुकतात. अठराव्या शतकात त्यासाठी १७६१ आणि १७६९ ची शुक्राची अधिक्रमणं, म्हणजे शुक्र सूर्यबिंबावरून सरकत जाताना, जगभरातून पाहिली गेली. त्यातली ल जांतीय या फ्रेंच ज्योतिर्विदाची गोष्ट ऐकून हसावं की रडावं कळत नाही. पहिल्या वेळी तो भर समुद्रात जहाजावर होता, तिथून उपयोगी नोंद होईना. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षं परत गेलाच नाही. १७६९ साली पाँडिचेरीत सगळी तयारी करून बसला आणि ऐन वेळी ढग आले. घरी पोचला तर त्याला मृत ठरवून मालमत्तेची वाटणी सुरू झालेली!

१९६१ पासून शुक्रावर रेडिओलहरी आदळवून, प्रतिध्वनी यायला लागणारा वेळ मोजून हे अंतर काढता येऊ लागलं. २०१२ साली खगोलीय एकक, म्हणजे हेच पृथ्वी-सूर्य अंतर, व्याख्येनेच पक्कं केलं गेलं: १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर.

एकाच ताऱ्याचं अंतर दोन पुस्तकांत वेगवेगळं का असतं?

मृगातल्या लालसर काक्षीचं, म्हणजे बेटेलज्यूजचं उदाहरण घ्या. कुठे ४३० प्रकाशवर्षं वाचाल, कुठे ५५०, कुठे ६४०. छपाईची चूक नाही. हा तारा इतका अवाढव्य आहे की आकाशातली त्याची तबकडी त्याच्या पराशयाच्या कित्येक पट मोठी भरते. शिवाय पृष्ठभागावर उजळ-काळपट पट्टे उसळत असतात, त्यामुळे प्रकाशाचा मध्यबिंदूही एका जागी राहत नाही. डुलणाऱ्या माणसाची सावली मोजून तो किती पावलं चालला हे ठरवण्यासारखंच. हंस समूहातल्या ठळक डेनेबच्या अंतराबाबतही पुस्तकांची अशीच तऱ्हा आहे.

म्हणून अंतराच्या आकड्यामागे 'अधिक-उणे' किती, हे लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धाच सांगितला असं समजा.

पराशय मोजता येणार नाही इतक्या लांबचं काय?

तिथे पुन्हा प्रतींची वजाबाकी. निरपेक्ष प्रत सांगणारी एखादी खूण ताऱ्यातच सापडली पाहिजे. अशा खुणा बऱ्याच आहेत. उदाहरणार्थ, ओलिन विल्सन आणि वेणू बाप्पू यांनी १९५७ साली दाखवलं की सूर्यापेक्षा थंड ताऱ्यांच्या वर्णपटातल्या, म्हणजे रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या, कॅल्शियमच्या एका रेषेची रुंदी मोजली की त्यांची निरपेक्ष प्रत कळते. पण सगळ्यांत मोठी कामगिरी सेफीड ताऱ्यांची.

सेफीड तारे फुगतात आणि आकसतात. त्यांच्या बाहेरच्या थरातला हेलियम आतली उष्णता अडवून धरतो, तारा फुगतो. फुगला की थंडावतो, हेलियम पुन्हा पारदर्शक होतो, अडकलेली उष्णता निसटते आणि तारा खाली बसतो. भांड्यावरचं झाकण वाफेने उचललं जावं आणि पुन्हा पडावं, तसं. हे चक्र घड्याळासारखं नियमित असतं, काहींचं काही दिवसांचं, काहींचं महिन्या-दोन महिन्यांचं. आपला ध्रुवतारासुद्धा सेफीडच आहे. साधारण चार दिवसांत त्याचं तेज किंचित कमी-जास्त होतं. डोळ्यांना ते कळत नाही आणि 'अढळ' या विशेषणाची अब्रू राहते.

हेन्रिएटा लेव्हिट हार्वर्डच्या वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासत असे. मॅगेलनचा लहान मेघ या ताऱ्यांच्या दूरच्या समूहातल्या २५ सेफीडांचा आलेख तिने मांडला आणि १९१२ साली तो प्रसिद्ध झाला: ज्याचं चक्र लांब, तो तारा जास्त तेजस्वी. आता लक्षात घ्या, तिने ठिकाण किती अचूक निवडलं होतं. मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे जो तेजस्वी दिसतो तो खरोखरच तेजस्वी. लांब-जवळची भानगडच मिटली. आकाशभर विखुरलेले सेफीड घेतले असते तर हा नियम दिसायला कठीण होता.

त्यानंतर दुरून सेफीड दिसला, त्याचे दिवस मोजले, की झालं.

दीर्घिका आणि आकाशगंगा एकच ना?

बोलताना सर्रास मिसळतात. आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं नाव. दीर्घिका ही जात, म्हणजे ताऱ्यांची अशी कुठलीही अवाढव्य वसाहत. आकाशगंगेचा व्यास साधारण एक लाख प्रकाशवर्षं, तारे किमान दहा हजार कोटी. सूर्य केंद्रापासून २६,००० प्रकाशवर्षांवर आहे आणि एक फेरी पुरी करायला त्याला बावीस-तेवीस कोटी वर्षं लागतात. दीर्घिकांचे सर्पिल, लंबवर्तुळाकार, अनियमित असे प्रकार आहेत, पण इथे त्यात शिरत नाही.

आपल्या पलीकडेही दीर्घिका आहेत हे कळलं कधी?

फार जुनं नाही, शंभर वर्षं होताहेत. १९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस यांचा जाहीर वाद झाला. दुर्बिणीतून दिसणारे भोवऱ्यासारखे पुसट ढग, म्हणजे सर्पिल तेजोमेघ, आकाशगंगेतच आहेत असं शॅप्लीचं म्हणणं, ती स्वतंत्र 'बेटं' आहेत असं कर्टिसचं. तिथे निकाल लागला नाही. लागणार कसा? दोघांकडेही एका तेजोमेघाचं पक्कं अंतर नव्हतं.

ते आलं १९२३ च्या ऑक्टोबरात. माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीने एडविन हबलने देवयानीतल्या तेजोमेघाचं छायाचित्र घेतलं. एका ठिपक्याला त्याने नवतारा समजून 'एन' अशी खूण केली होती. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर तो कमी-जास्त होणारा तारा निघाला, सेफीड. हबलने 'एन' खोडून इंग्रजीत 'चल' या अर्थाची तीन अक्षरं आणि पुढे उद्गारचिन्ह काढलं. काचेवरचं ते उद्गारचिन्ह मला सगळ्या आकडेवारीपेक्षा प्रिय आहे. गणित केल्यावर अंतर आलं नऊ लाख प्रकाशवर्षं. शॅप्लीने आकाशगंगेला दिलेली ऐसपैस तीन लाखांची रुंदीही त्यापुढे तोकडी पडली.

पण देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे ना? हबल चुकला?

निरीक्षण चुकलं नव्हतं, फूटपट्टी चुकली होती. सेफीड एकाच प्रकारचे असतात अशी तेव्हा समजूत. दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिसचे दिवे मालवले गेले तेव्हा वॉल्टर बाडेला माउंट विल्सनवर अपूर्व अंधार मिळाला आणि देवयानीच्या गाभ्यातले तारे सुटे दिसले. त्यातून ताऱ्यांच्या दोन पिढ्या आहेत हे लक्षात आलं, आणि पुढे १९५२ साली बाडेने जाहीर केलं की सेफीडही दोन जातींचे असून त्यांची तेजस्विता वेगळी आहे. एका घोषणेत देवयानी, आणि तिच्या पलीकडचं सगळंच, दुप्पट लांब गेलं.

यामुळे एक जुनी नामुष्कीही आटोक्यात आली. चुकीच्या अंतरांवरून विश्वाचं वय दोनशे कोटी वर्षांच्या आत येत होतं. म्हणजे पृथ्वीवरचे खडकच विश्वापेक्षा म्हातारे!

सेफीडही दिसेनासे झाले की?

मग सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड स्फोट. त्यातला 'एक-ए' प्रकार कामाचा. श्वेतबटूला, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याला, जोडीदाराकडून वस्तुमान मिळत गेलं आणि तो चंद्रशेखर मर्यादेजवळ, सूर्याच्या १.४ पटींच्या आसपास पोचला, की त्याचा स्फोट होतो. स्फोटाच्या इतरही वाटा आहेत. ऐन भरात त्याची निरपेक्ष प्रत उणे १९.३ च्या घरात जाते, म्हणजे चारशे कोटींहून जास्त सूर्य एकत्र. हे सगळे स्फोट तंतोतंत सारखे नसतात, पण जो सावकाश मावळतो तो जास्त तेजस्वी, हा नियम लावून हिशेब दुरुस्त करता येतो. १९९८ साली दोन गटांनी असे दूरचे सुपरनोव्हा तपासले तर ते अपेक्षेपेक्षा फिके निघाले. विश्वाचं प्रसरण वेग घेतंय, हा त्यातून निघालेला अर्थ, आणि त्यासाठी २०११ चं नोबेल. शेवटी तेही ताऱ्याच्या प्रतीवरूनच!

ताम्रसृती म्हणजेच अंतर का?

थेट नाही. प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेत ताणला जातो, वर्णपटातल्या रेषा तांबड्या टोकाकडे सरकतात. जितकी लांब तितकी जास्त सरक, हे लमेत्र आणि हबल यांनी १९२७ ते १९२९ मध्ये मांडलं. पण सरकेचं अंतरात रूपांतर करायला हबल स्थिरांक, म्हणजे प्रसरणाच्या वेगाचा आकडा, लागतो, आणि तो ठरतो पराशय, सेफीड, सुपरनोव्हा अशा एकीवर एक उभ्या मोजण्यांच्या शिडीवरून. शिडीने तो येतो सुमारे ७३. आदिम विश्वाच्या सूक्ष्मलहरी प्रारणावरून, प्लँक उपग्रहाच्या नोंदींनी, येतो ६७.४. एकक: दर दशलक्ष पार्सेकमागे सेकंदाला इतके किलोमीटर. दोन्ही बाजूंच्या मोजण्या सुधारत गेल्या तरी तफावत मिटलेली नाही. शिडीची कुठलीतरी पायरी डुगडुगते आहे की विश्वाबद्दलच काही नवं हाती लागणार, यावर रोज वाद चालतात. बाडेची गोष्ट आठवून माझा संशय आधी पायऱ्यांवर जातो. पण तो निव्वळ संशय.

अगदी शेजारच्या दीर्घिकांना हा नियम लागू पडत नाही. देवयानी तर आपल्याकडेच येते आहे.

मग ती आपल्यावर आदळणार?

चार-पाचशे कोटी वर्षांत टक्कर नक्की, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. २०२५ च्या नव्या गणितांनी पुढच्या हजार कोटी वर्षांतली शक्यता निम्मी-निम्मी ठरवली आहे. टक्कर झालीच तरी तारे एकमेकांवर आपटण्याची शक्यता नगण्य, इतकी मोकळी जागा मध्ये असते.

विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं, तर ४,६०० कोटी प्रकाशवर्षं लांबचं कसं दिसतं?

कारण प्रकाश वाटेत असताना वाटच लांबत गेली. तो निघाला तेव्हा ती जागा जवळ होती. आज ती ४,६०० कोटी प्रकाशवर्षांवर गेली आहे. म्हणून अतिदूरच्या दीर्घिकांबाबत 'प्रकाशाने किती वर्षं प्रवास केला' आणि 'ती आज कुठे आहे' हे दोन वेगळे आकडे असतात. बातम्या बहुधा पहिला देतात आणि दुसरा समजला जातो.

आपल्याला दिसणारे तारे केव्हाच मेलेले असतात, खरं का?

ऐकायला काव्यमय आहे, पण जवळजवळ खोटं. साध्या डोळ्यांना दिसणारे बहुतेक तारे काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले. ताऱ्यांचं आयुष्य लाखो-कोट्यवधी वर्षांचं. तुम्ही पाहता आहात ते जवळपास सगळे आजही ठणठणीत असतील.

साध्या डोळ्यांनी दिसणारी सर्वांत दूरची गोष्ट कोणती? आणि ती छायाचित्रातल्यासारखी का दिसत नाही?

सहज दिसणाऱ्यांत देवयानी दीर्घिका. दहाव्या शतकात अल-सूफीने तिची 'लहान ढग' अशी नोंद केली होती, आणि डोळ्यांना ती अजूनही ढगच दिसते. तिची प्रत ३.४ वाचून लोक ठळक ताऱ्याची अपेक्षा धरतात आणि हिरमुसतात. तो सगळा प्रकाश एका बिंदूत नसून सहा पूर्णचंद्र ओळीने मावतील एवढ्या लांबीवर पसरलेला आहे. चमचाभर तूप परातभर फासल्यासारखा. शिवाय मंद उजेडात आपला डोळा रंग ओळखत नाही. कॅमेरा तासन् तास प्रकाश साठवतो, डोळ्याला ती सोय नाही.

चंद्र नसलेली, शहराच्या उजेडापासून दूरची रात्र निवडा. अंधाराला डोळे सरावायला निदान वीस मिनिटं द्या, मोबाइल खिशातच राहू द्या. शर्मिष्ठेच्या 'एम'चा टोकदार कोन शोधा. तो बाणासारखा धरून महाश्वाच्या चौकोनाच्या दिशेने सरका. वाटेत एक पुसट, लांबट डाग लागेल. थेट रोखून पाहिलंत तर विरून जातो. नजर जरा बाजूला ठेवा, म्हणजे हळूच उमटेल.